घाट कोणाचा? काशीच्या पायऱ्यांवर थोडी स्पॅनिश

वाराणसीला जायचा बेत असेल तर स्वेटर, न घसरणाऱ्या चपला आणि भरपूर सुटे पैसे बरोबर घ्या, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी आणखी एक गोष्ट घ्यायला सांगते. तिला वजन नाही आणि बॅगेत जागाही लागत नाही. तो एका अक्षराचा स्पॅनिश शब्द आहे: ‘दे’. हात पुढे करून म्हटलेला जो ‘दे’ तिथे पावलोपावली ऐकू येतो, तो हा नव्हे. हा वेगळा.

काशीत स्पॅनिश कशाला, असं वाटत असेल तर एकदा पहाटे अस्सी घाटावर उभे राहा. परदेशी चेहरा दिसला की कोणत्या भाषेत हाक मारायची, हे तिथले नाववाले क्षणात ठरवतात. जपानी, कोरियन, फ्रेंच आणि हमखास स्पॅनिश. “ओला! बार्का? बारातो, बारातो!” ओला म्हणजे नमस्कार, बार्का म्हणजे नाव, बारातो म्हणजे स्वस्त. (बारातीशी याचा काही संबंध नाही, पण लग्नसराईत काशीच्या गल्लीत दोन्ही एकदम कानावर पडू शकतात.) यातले बरेच जण भाषेच्या वर्गात कधी बसलेले नसतात. प्रवाशांचं ऐकून ऐकून त्यांनी ती उचललेली असते. रीतसर शिकायचं तर बनारस हिंदू विद्यापीठात स्पॅनिश शिकवतात, आणि शिकून परवाना काढलेले गाइडही असतात. ही भाषा सुमारे २० देशांची राजभाषा आहे. एकदा जिभेवर बसली की स्पेनपासून मेक्सिको आणि अर्जेंटिनापर्यंतचा पाहुणा तुमचा होतो. घाटावरच्या माणसाला हे हिशेबाने परवडतं.

या पोटापाण्याच्या भाषेत दोन गोष्टी सगळ्यात आधी लागतात. एक, हे कोणाचं? दोन, हे त्यापेक्षा बरं की वाईट? नाव कोणाची, देऊळ कोणाचं, शेजारच्यापेक्षा तुझा दर जास्त का. आपण प्रवासीही दिवसभर तेच करत असतो. मराठी माणूस तर गंगेकाठी पाय ठेवल्या ठेवल्या सुरू करतो, “आमच्या नाशिकच्या गोदाघाटापेक्षा…” तेव्हा घाट चालता चालता या दोनच गोष्टी बघू. स्पॅनिश थोडीशी कळेल, आणि रोज वापरतो ती मराठी बरीच.

अस्सीपासून राजघाटापर्यंत सुमारे ६ किलोमीटर ओळीने घाट आहेत. संख्या ८४ सांगतात. भिंतींवरची नावं वाचत चला: चेतसिंह घाट, राजा घाट, राणामहाल घाट, दरभंगा घाट, मुन्शी घाट, अहिल्याबाई घाट, शिंदे घाट, भोसले घाट, ग्वाल्हेर घाट. ज्याने बांधला त्याचं नाव लागलं. राजा घाट अमृतराव पेशव्यांशी जोडलेला, भोसले घाट नागपूरकर भोसल्यांचा. मराठी नावं मोजायला एका हाताची बोटं पुरणार नाहीत.

आता ‘अहिल्याबाईंचा घाट’ हे स्पॅनिशमध्ये कसं म्हणायचं? ‘एल घाट दे अहिल्याबाई’. ‘एल’ हे पुल्लिंगी नामापुढे येणारं उपपद, ते सध्या सोडून द्या. ‘दे’ म्हणजे आपला ‘चा’. पण शब्दांचा क्रम बघा, बरोबर उलटा झाला. मराठीत आधी मालक येतो, मग त्याला चिकटलेला ‘चा’, मग वस्तू. स्पॅनिशमध्ये आधी वस्तू, मग ‘दे’, मग मालक. नवशिका मराठी माणूस सवयीने ‘अहिल्याबाई दे घाट’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की अहिल्याबाई ही कुठल्यातरी घाटाची आहे.

हे लक्षात ठेवायला काशीच मदत करते. गल्लीतून घाटाकडे या. आधी वाडा लागतो, म्हणजे मालक भेटतो, आणि मग त्याच्या पायऱ्या. मराठी गल्लीतून येते. तोच घाट नावेतून बघा. आधी पाण्यात उतरलेल्या पायऱ्या दिसतात, आणि मान वर केली की वाडा. स्पॅनिश नावेत बसलेली आहे.

‘दे’ला आणखी एक सुख आहे: तो कधी बदलत नाही. आपला ‘चा’ मात्र पुढच्या शब्दाकडे बघून सतत कपडे बदलतो. अहिल्याबाईंचा घाट, अहिल्याबाईंची मूर्ती, अहिल्याबाईंचं देऊळ, अहिल्याबाईंच्या पायऱ्या. परदेशी माणसाला मराठी शिकवून बघा, इथेच त्याचा दम निघतो. पण कामं दोघांचीही तीच आहेत. मालकी झाली. आता ‘रेशमाची साडी’ घ्या: ‘उन सारी दे सेदा’. सेदा म्हणजे रेशीम. साडी रेशमाच्या मालकीची नाही, रेशमापासून झालेली आहे. तरी मराठीत ‘ची’ चालते आणि स्पॅनिशमध्ये ‘दे’. (साडी स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी आहे. तो सारी. सोसायचं.) आणि गाव? ‘मी पुण्याचा’ म्हणजे ‘सोय दे पुणे’. ‘पुण्याहून’ नाही की ‘पुण्यातून’ नाही. पुण्याचा! माणूस आपल्या गावाच्या मालकीचा असावा, असा दोन्ही भाषांचा सूर. ‘झाशीची राणी’ तिकडे ‘ला रानी दे झाशी’ होते. ती जन्मली काशीत, तांब्यांच्या मराठी घरात, आणि मणिकर्णिका हे नावही तिला इथलंच मिळालं. पण ‘दे’पुढे झाशी लागली ती कायमची.

शाळेतला विभक्तीचा तक्ता आठवतो? पंचमीला ऊन, हून. षष्ठीला चा, ची, चे. हा तक्ता पाठ करताना आपल्याला काशी आठवत नाही, पण आठवायला हरकत नाही. संस्कृत व्याकरणाचं ते शतकानुशतकांचं मोठं केंद्र होतं आणि त्यातले काही दिग्गज आपल्याकडचे होते. १७व्या-१८व्या शतकात काशीत राहून लिहिणारे नागेश भट्ट, म्हणजे नागोजी भट्ट, आडनावाने काळे. त्यांचा ‘परिभाषेन्दुशेखर’ हा ग्रंथ व्याकरण शिकणारे आजही वाचतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या कीलहॉर्न या जर्मन पंडितांनी तो १९व्या शतकात संपादून इंग्रजीत आणला. मराठी माणसाने काशीत लिहिलं आणि जर्मन माणसाने पुण्यात उलगडलं.

स्पॅनिश बोलणारी माणसंही काशीत नुसती नावेत बसायला येत नाहीत. रायमन पणिक्कर हे वडिलांकडून केरळचे आणि आईकडून कातालोनियाचे. ते गंगेकाठी हनुमान घाटावर राहून वेदांवर काम करत होते. ऑस्कर पुजोल यांनी बनारस हिंदू विद्यापीठातून संस्कृतची पीएचडी घेतली, पुढे संस्कृत-कातालान कोश केला आणि २०१९ साली संस्कृत-स्पॅनिश कोश. आपण ज्या गावात पिंड ठेवायला जातो, तिथे एक माणूस कोशाची सामग्री गोळा करून परततो, हे मला फार आवडतं.

आता खरी मजा. ‘माझ्याकडे आहे’ हे कसं म्हणायचं?

मराठीत ‘असणे’ आहे, पण इंग्रजी किंवा स्पॅनिशसारखं ‘बाळगून असणं’ सांगणारं सरळ क्रियापद नाही. त्याऐवजी आपण वस्तूप्रमाणे वाक्य बदलतो. मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे दोन नावा आहेत. माझ्याजवळ सुटे नाहीत. मला ताप आहे. देवळाला एकच दार आहे. ‘माझ्याजवळ दोन भाऊ आहेत’ म्हटलं तर ते शेजारी उभे आहेत असं वाटेल. भाऊ ‘मला’ असतात, पैसे ‘जवळ’ असतात, नाव ‘कडे’ असते. जे सुटू शकतं आणि जे सुटत नाही, यातला फरक आपण न शिकता पाळतो.

स्पॅनिश हा फरक करत नाही. सगळ्याला ‘तेंगो’. तेंगो दोस एर्मानोस, मला दोन भाऊ आहेत. तेंगो दोस बार्कास, माझ्याकडे दोन नावा आहेत. ताप असला तरी तेंगो, भूक लागली तरी तेंगो. घाटावरच्या नाववाल्याला हे वरदान आहे, एका शब्दात सगळा संसार बसतो. कोणत्या घाटावर कोणी नाव लावायची हे त्यांच्यात पिढीजात हक्काने ठरत आलेलं आहे, त्यामुळे हा ‘तेंगो’ पाहुण्याला वाटतो तितका साधा नसतो. नाव आजोबांची, चालवणारा नातू, आणि पाळी कोणाची यावर सकाळी भावकीत दोन शब्द झालेले असतात.

वयाचंही तसंच. स्पॅनिशमध्ये वय ‘असतं’. तेंगो सेतेंता आन्योस: शब्दश: माझ्याकडे सत्तर वर्षं आहेत. मराठीत वर्षं ‘होतात’ किंवा ‘उलटतात’; सत्तरावं लागतं, सत्तरी ओलांडली जाते. अस्सीजवळ मुमुक्षु भवन आहे. आयुष्याचा शेवटचा काळ काशीत काढायला आलेली माणसं तिथे राहतात. पूर्वी आपल्याकडच्या कितीतरी आज्या, विशेषतः विधवा, अशाच काशीवासाला निघायच्या. तिथल्या एखाद्या आजींना कोणी स्पॅनिशमध्ये वय विचारलं तर प्रश्न होईल, “क्वांतोस आन्योस तिएने?” किती वर्षं आहेत तुमच्याकडे? मराठी कानाला हा प्रश्न मागे वळून नाही, पुढे बघून विचारल्यासारखा वाटतो. जणू उरलेली वर्षं मोजायची आहेत. स्पॅनिश माणसाच्या मनात तसं काही नसतं, पण त्या अंगणात हे वाक्य कानावर पडलं तर तुम्हीही क्षणभर थांबाल.

मुलं बरोबर असतील तर त्यांना पुढचा भाग सांगा. स्पॅनिशमध्ये ‘मी’ म्हणजे माझा, माझी, माझं. ‘मी मामा’ म्हणजे ‘माझी आई’! आणि ‘तू’ म्हणजे तू, पण ‘तुझा’ही ‘तू’च. उच्चार एकच, लिहिताना फक्त एका खुणेचा फरक. इथपर्यंत गंमत. पंचाईत ‘सू’ची आहे. ‘सू बार्का’ म्हणजे त्याची नाव, तिची नाव, त्यांची नाव आणि तुमची नावसुद्धा. घाटावर गाइडने “सू बार्का” म्हटलं की चार माणसं चार नावांकडे चालू लागतील. मग स्पॅनिश माणूस पुन्हा आपल्या ‘दे’कडे जातो: ‘ला बार्का दे उस्तेद’, आपली नाव, तुमचीच. त्याचा, तिचा, त्यांचा, तुमचा असे वेगळे शब्द आपल्याला आयते मिळाले आहेत, त्याची किंमत अशा वेळी कळते.

एका बाबतीत मात्र मराठी माणसाला स्पॅनिश इंग्रजीपेक्षा सोपी जाते. गंगेत हात धुताना आपण ‘मी माझे हात धुतले’ म्हणत नाही. हात धुतले. दुसऱ्या कोणाचे धुणार? स्पॅनिशमध्येही ‘मे लावो लास मानोस’, नुसतेच हात. इंग्रजीला तिथेही ‘माझे’ लावावंच लागतं.

चला, विश्वनाथ गल्लीत शिरू. आता ‘कोणापेक्षा’ सुरू होतं.

‘पेक्षा जास्त’ला स्पॅनिशमध्ये ‘मास… के’. ‘एस्ते सारी एस मास कारो के एसे’: ही साडी तिच्यापेक्षा महाग आहे. कमी असेल तर ‘मास’च्या जागी ‘मेनोस’. सारखं असेल तर ‘तान… कोमो’. बनारसीच्या दुकानात बसून पैठणीची आठवण काढणं हा मराठी बायकांचा जन्मसिद्ध हक्क आहे. त्यासाठी हे वाक्य: ‘एल पैठणी एस तान बोनीतो कोमो एल बनारसी’. पैठणी बनारसीइतकीच सुंदर आहे. ‘मास’ वापरलं असतं तर दुकानदाराशी वाद झाला असता. ‘तान… कोमो’ हे सभ्य माणसाचं व्याकरण आहे.

गाइड लोकांचा ‘मास’ मात्र सैल सुटलेला असतो. ‘बेनारेस एस मास आंतीग्वा के रोमा’, बनारस रोमपेक्षा जुनं, हे वाक्य तुम्हाला ऐकू येईलच. राजघाटच्या उत्खननात इ.स.पू. आठव्या शतकाच्या आसपासची वस्ती सापडली आहे, आणि रोमच्या स्थापनेची परंपरेने सांगितली जाणारी तारीख इ.स.पू. ७५३ आहे. माझं मत विचाराल तर इथे ‘तान… कोमो’ पुरे.

चार शब्द या नियमात बसत नाहीत: मेखोर म्हणजे अधिक चांगलं, पेओर म्हणजे अधिक वाईट, मायोर म्हणजे मोठा, मेनोर म्हणजे धाकटा. हे लॅटिनमधून आले आहेत, आणि शेवटचा तो ‘ओर’ संस्कृतातल्या ‘ईयस्’ प्रत्ययाच्या दूरच्या नात्यातला आहे. ‘गरीयसी’ शब्दात तो आपल्याला भेटतो. दोघांत तुलना असेल तर हा प्रत्यय. अनेकांत असेल तर ‘इष्ठ’, ज्यातून आपले ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ आले. ही वाटणी पाणिनीने करून ठेवली आहे. म्हणून ‘मी एर्मानो मायोर’ म्हणजे माझा ज्येष्ठ बंधू, आणि ‘पेर्सोना मायोर’ म्हणजे चक्क आपला ज्येष्ठ नागरिक. म्हातारा म्हणायचं टाळून तुलनेचा आडोसा घ्यायचा, हा शिष्टाचार दोन्हीकडे सारखाच सुचला.

आणि आता ‘दे’ पुन्हा. ८० पेक्षा जास्त घाट म्हणायचं तर? ‘मास के’ नाही, ‘मास दे ओचेंता’. आकडा आला की ‘के’ बाजूला होतो आणि ‘दे’ येतो. शिकणाऱ्यांना हे विनाकारण छळल्यासारखं वाटतं. पण मराठीत म्हणून बघा: ऐंशीहून जास्त. तोच पंचमीचा ‘हून’. ऐंशीच्या आकड्यापासून निघायचं आणि पुढे जायचं. आणि सगळ्यात जुनं शहर म्हणायचं असेल तर ‘ला सिउदाद मास आंतीग्वा दे ला इंदिया’, भारतातलं सगळ्यात जुनं. म्हणजे ‘दे’ हा एकटा आपला ‘चा’ आहे, ‘हून’ आहे आणि ‘तला’ही आहे. तीन माणसांचं काम एका पगारात.

मणिकर्णिका ओलांडून शिंदे घाटाकडे निघालात की पाण्याच्या कडेला एक देऊळ दिसतं. ते तिरकं आहे. रत्नेश्वर महादेव. वर्षातला बराच काळ त्याचा गाभारा पाण्यात असतो. थंडी सरता सरता गेलात तर पायथ्यापर्यंत जाता येतं. पिसाचा मनोरा सुमारे ४ अंशांनी कललेला आहे. हे देऊळ ९ अंशांनी कललंय असं सांगतात. स्पॅनिश पाहुण्याला गाइड इथे उभं करून सांगतो, “एल तेम्प्लो एस्ता मास इंक्लिनादो के ला तोर्रे दे पिसा.” देऊळ पिसाच्या मनोऱ्यापेक्षा जास्त कललेलं आहे. ‘मास… के’ आणि ‘दे’, तुलना आणि मालकी एकाच वाक्यात. उदाहरण म्हणून याहून चांगलं वाक्य मला सापडलेलं नाही.

ते का कललं? नदीकाठची जमीन खचली, हे सरळ उत्तर. शेजारच्या शिंदे घाटाचं मूळ बांधकामही जडपणामुळे खचलं होतं. पण घाटावर तुम्हाला दोन गोष्टी ऐकायला मिळतील, आणि त्या ऐकण्यासारख्या आहेत.

पहिली अशी: राजा मानसिंहाच्या एका सेवकाने आईसाठी हे देऊळ बांधलं आणि तिला म्हणाला, बघ, तुझं ऋण फेडलं. तो शब्द निघाला आणि देऊळ कललं. म्हणून याला मातृऋण महादेव असंही म्हणतात. ही तुलनेची गोष्ट आहे. एका पारड्यात आई, दुसऱ्यात दगडाचं देऊळ, आणि मुलाने ‘तान… कोमो’ म्हटलं.

दुसरी गोष्ट मालकीची. अहिल्याबाईंच्या रत्नाबाई नावाच्या दासीने हे बांधलं आणि त्याला स्वतःचं नाव दिलं. त्यावरून अहिल्याबाई रागावल्या, शाप दिला, आणि देऊळ वाकलं. ही गोष्ट मला पटत नाही. काशी विश्वनाथाचं देऊळ १७८० साली ज्यांनी पुन्हा उभं केलं, त्या बाई आपल्या हुकुमांवर स्वतःच्या नावाऐवजी ‘श्रीशंकर’ लिहीत. राज्यच शंकराचं, आपण सांभाळणाऱ्या. अशी बाई एका दासीने देवळाला दिलेल्या नावावरून शाप देईल? आणि दिला असता तरी, अर्ध्या घाटांना राजांची नावं असताना एका देवळाला दासीचं नाव राहिलं, यात रागावण्यासारखं काय होतं? शाप खरा असो वा नसो, नाव टिकलं. एल तेम्प्लो दे रत्ना.

संध्याकाळी दशाश्वमेधावर आरतीला बसाल तेव्हा शेजारचा गाइड पाहुण्यांना सांगत असेल, “न्वेस्त्रो गांखेस…” न्वेस्त्रो म्हणजे आमचा. गांखेस म्हणजे गंगा! स्पॅनिशमध्ये नद्या पुल्लिंगी असतात. साडीचं सोसलं, पण ‘आमचा गंगा’ ऐकून कसंतरीच होतं. ‘न्वेस्त्रो’ आपल्या ‘माझा’सारखा वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतो, म्हणून पंडिताघरचा एखादा गाइड युक्ती करतो आणि ‘न्वेस्त्रा माद्रे गांगा’ म्हणतो, म्हणजे ‘गंगामाई’. आई म्हटलं की व्याकरणालाही स्त्रीलिंगी व्हावं लागतं.

दुसरी अडचण मात्र युक्तीने सुटत नाही. ‘न्वेस्त्रा’ म्हणजे आमची की आपली? मराठीत हे आधी ठरवावं लागतं. ‘आमची गंगा’ म्हटलं तर ऐकणारा बाहेर राहिला. ‘आपली गंगा’ म्हटलं तर तो आत आला. स्पॅनिशला हा फरक नाही, इंग्रजीला नाही, आणि हिंदीतल्या ‘हमारी’लाही नाही. तिकडे माणूस बोलतो आणि ऐकणारा आपापल्या परीने ठरवतो की मी यात आहे की नाही. आपण बोलायच्या आधीच दार उघडतो किंवा लावतो. शिंद्यांचा, भोसल्यांचा, अहिल्याबाईंचा घाट पाहून आपल्या तोंडून सहज ‘आमचा’ निघतो. पण त्याच पायऱ्यांवर रोज झाडू मारणारा, नाव लावणारा, मढं आणणारा, वालेन्सियाहून आलेला, या सगळ्यांदेखत ‘आमचा’ म्हणणं कानाला बोचतं. नावेत माझ्याशेजारी बसलेल्या एका परदेशी बाईंनी मला विचारलं होतं, की तुमच्या भाषेत ‘न्वेस्त्रो’ला दोन शब्द आहेत, मग नदीला कोणता लावता? मी ‘आपली’ म्हणाले. तिने तो शब्द वहीत देवनागरीत माझ्याकडून लिहून घेतला, कारण तिच्या भाषेत त्याला जागा नव्हती.

पुढे पंचगंगा, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट. हा भाग मराठी घरांचा. गल्लीत मान वर केली की ओळखीची आडनावं दिसतील. हिंदी पत्रकारितेत ‘आज’ दैनिकाचे संपादक म्हणून गाजलेले बाबूराव विष्णु पराडकर याच शहरातल्या मराठी घरात १८८३ साली जन्मले. इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात. “कुठले आपण? आडनाव?” विचारत ते पानं उलटतात आणि नशीब असेल तर पणजोबांची सही समोर येते. त्या नोंदी म्हणजे षष्ठी विभक्तीची माळ: अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू, अमुक गावचा. स्पॅनिशमध्येही अशीच माळ होईल, ‘इखो दे’, ‘निएतो दे’, पण एका फरकाने. तिकडे बहुतेक माणसांना दोन आडनावं असतात, एक वडिलांचं आणि एक आईचं, आणि स्पेनमध्ये लग्न झालं म्हणून बाईचं आडनाव बदलत नाही.

तुमच्या घराण्याचं पान निघालं तर घाई न करता वाचा. किती ‘चा’ आहेत मोजा, आणि आजीचं माहेर कुठे लिहिलंय का तेही बघा. बहुधा नसेल. मग नवी नोंद करायला उपाध्याय पेन हातात देतील, तेव्हा आईकडचंही आडनाव लिहा. ओळीत जागा असते.